न वाळलेलं टेबल

त्या दिवशी दुपारी आई टेबलाला तेल पाजत होती आणि मी खिडकीपाशी बसून वाचत होते.

'पाजणं' हा आमच्या घरातला शब्द. मामा लाकूड कापायचा, जोडायचा, त्यावर रंधा मारायचा, आणि मग ते मागच्या खोलीत आईकडे यायचं. आई त्याला जवसाचं तेल पाजायची. बहीण-भावाचा हा कारखाना माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होता. पुढच्या खोलीत मामाचा खडखडाट, मागच्या खोलीत आईची शांतता. ताज्या तेलाला भुसा चिकटतो म्हणून मामाला तिच्या खोलीत यायला बंदी होती. तो दारातच उभा राहून पँट झटकायचा आणि सगळा भुसा नेमका तिच्या उंबऱ्यावर पाडायचा.

टेबल बाइंडरांचं होतं. आमच्याच रस्त्यावर त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. जुनं टेबल डगमगायला लागलं म्हणून त्यांनी नवं, लांबलचक टेबल सांगितलं होतं. आई चिंधी तेलात बुडवायची, पिळायची आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने हात फिरवायची. फिकं लाकूड तिच्या हाताखाली मधासारखं होत जायचं. थोडा वेळ ते मुरू द्यायचं आणि मग कोरड्या चिंधीने पुसून काढायचं. इतकं पुसायचं, की बघणाऱ्याला वाटावं ही बाई घातलेलं तेल परत घेतेय.

"ए ठोक्या, ती कोरडी चिंधी दे," आई म्हणाली.

ठोक्या म्हणजे मामा. "ठोक्या पुढे आहे. मी तुझी मुलगी."

"माहितीय. मान खाली घातली की दोघांची टाळकी सारखीच दिसतात."

"माझ्या टाळक्याबद्दल बोलायचं काम नाही!" पुढच्या खोलीतून मामा ओरडला.

"तुझ्या टाळक्यावर आता बोलण्यासारखं उरलंय काय?" आई म्हणाली आणि थोड्या वेळाने चष्मा शोधायला लागली. शेल्फवर बघितलं, खिशात बघितलं.

"डोक्यावर आहे," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले.

"तिथे काय करतोय तो?"

"विश्रांती घेतोय."

"घेऊ दे. या घरात कुणीतरी घ्यावी."

संध्याकाळी तिने तेलाच्या चिंध्या मागच्या दोरीवर एकेक सुटी करून वाळत घातल्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आतल्या आत तापतो आणि काडी न लावता पेटतो. हे तिने मला हजारदा सांगितलं असेल, त्या दिवशीही सांगितलं. उरलेलं तेल बरणीत ओतून झाकण घट्ट लावलं. टेबलाकडे मान तिरकी करून एकदा बघितलं. "उद्या हात लावून बघू," म्हणाली. मग आम्ही जेवलो, भांडी कुणी घासायची यावर वाद घातला, आणि झोपलो.

सकाळी ती उठली नाही.

डॉक्टर भले होते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, झोपेतच, तिला कळलंही नसेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत काही जाणवलं होतं का? विसरणं, चुकणं, हातातलं काम बिघडणं?"

"नाही," मी म्हणाले.

पुढचे काही आठवडे माणसं येत राहिली, बसत राहिली, चहा पीत राहिली. बाइंडरही येऊन गेले. टेबलाचा विषय मी काढला तर म्हणाले, "ते राहू दे हो. मला घाई नाही." मामा घरात बसत नव्हता. येईल त्याला नमस्कार करून तो मागच्या खोलीत जायचा, कारण आता त्याला तिथे जायला कुणी अडवत नव्हतं. आत काय करायचा मी विचारलं नाही. बायकोपोरं नसलेला माणूस, बहिणीवर ओरडण्यात आयुष्य गेलं. आता कुणावर ओरडणार?

शेवटी एका सकाळी तोच म्हणाला, "चल, टेबल देऊन टाकू. ताईचं शेवटचं काम आहे, असं अडकवून ठेवणं बरं नाही."

आम्ही मागच्या खोलीत गेलो. खिडक्या बंद होत्या, पडदे ओढलेले होते. टेबलाभोवती मामाने बारीक पट्ट्यांची चौकट उभी केली होती आणि तिच्यावर प्लॅस्टिक ताणून कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. प्लॅस्टिक कुठेही लाकडाला टेकलेलं नव्हतं. रडत रडतही सुताराने काम सुताराचंच केलं होतं.

"धूळ बसायला नको ना," तो म्हणाला. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सोडवून त्याने हात आत घातला आणि तसाच थांबला. मग हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"काय झालं?"

"तू बघ."

मी हात लावला. टेबल चिकट होतं. बोट उचललं की लाकूड ते किंचित धरून ठेवत होतं.

एवढ्या आठवड्यांनी!

मी सुतारकामातलं फार जाणत नाही, पण या खोलीत वाढले आहे. आईचं टेबल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडं असायचं. वर शेल्फवर दोन डबे होते, दिसायला अगदी सारखे. एकात कच्चं तेल, नुसतं जवस दाबून काढलेलं. ते वाळायला खूप दिवस घेतं. दुसऱ्यात उकळलेलं, वाळवणारा मसाला घातलेलं. ते एका रात्रीत घट्ट व्हायला लागतं. उकळलेल्याच्या कडीला आईने लाल दोरा बांधला होता, पण तो दोरा इतरांसाठी. ती वासावरून ओळखायची.

मामाही त्या दोन डब्यांकडेच बघत होता.

"कच्चं लावलं असेल," तो अगदी हळू म्हणाला.

"आई? कच्चं लावेल?"

तो बाहेर निघून गेला, आणि थोड्या वेळाने पुढच्या खोलीतून उगाचच हातोडीचा आवाज यायला लागला.

मी तिथेच बसले. डॉक्टरांचा प्रश्न आठवला. विसरणं, चुकणं, हातातलं काम बिघडणं. मग मी ती दुपार पहिल्यापासून परत बघायला लागले. तिने मला ठोक्या म्हटलं. चष्मा डोक्यावर असताना खोलीभर शोधला. ज्या ज्या गोष्टीला मी हसले होते, ती प्रत्येक गोष्ट आता लक्षण वाटायला लागली. आईच्या डोक्यात काहीतरी सुटत चाललं होतं आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर, तोंडासमोर पुस्तक धरून बसले होते. तिने डबा कुठला उघडला, हेसुद्धा मी बघितलं नव्हतं.

टेबलावर तिने चुकीचं तेल लावलं असेल, तर डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर खोटं होतं. एवढंच मला कळून घ्यायचं होतं. टेबलाचं काय, ते घासून परत करता आलं असतं.

बरणीत तिने वापरलेलंच तेल उरलं होतं. ती बरणी पिशवीत घालून मी तेलवाल्या बाईंकडे गेले. आई कायम त्यांच्याकडूनच तेल घ्यायची. त्यांची घाणी म्हणजे एक उंच, अंधारी खोली. दाराशी जवसाची पोती. बी लहान, चपटं, तपकिरी, आणि इतकं गुळगुळीत की मुठीत धरलं तर पाण्यासारखं बोटांतून निसटतं. कोपऱ्यात यंत्र घरघरत होतं. एका बाजूने तेलाची सोनेरी धार डब्यात पडत होती, दुसऱ्या बाजूने पेंडीच्या पापड्या.

बाई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी भांडत होत्या. "आजोबा, हे कच्चं, हे रोज चमचाभर खुशाल घ्या. ते तिकडचं उकळलेलं, ते खिडकीच्या काचा बसवणारे नेतात, रंगारी नेतात, फावड्याच्या दांड्याला लावतात. ते पिऊ नका. पोटाला पॉलिश करायचंय का तुम्हाला?"

आजोबा गेले. मी माझं काम सांगितलं. आई गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी हात पुसून माझा हात क्षणभर धरला, मग बरणी घेतली, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"उकळलेलंच वाटतंय. पण आठवडाभर सर्दीने माझं नाक चोंदलंय. कपाटातल्या कापरालाही मला चण्यासारखा वास येईल. नाकाचं काही खरं नाही, काचेवर लावून बघा." त्यांनी बरणी उजेडात धरली. "घट्ट झाकण होतं म्हणून अजून असं पातळ राहिलंय बघा. चांगलं ठेवलंय."

त्यांनी काचेचे दोन तुकडे दिले आणि एका बाटलीत थोडं ताजं उकळलेलं तेल. "एकावर हे लावा, एकावर आईचं. अगदी पातळ. खिडकीत ठेवा. उद्या बोट लावा. दोन्ही सारखी वाळली तर आईचं तेल बरोबर. त्यांचं ओलं राहिलं तर..." त्या थांबल्या. "तर काय, माणूसच ना शेवटी. पण त्या चुकतील असं वाटत नाही हो मला. माझ्याच हिशोबातल्या चुका काढायच्या."

घरी येऊन मी दोन्ही काचा स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवल्या. आईच्या तेलाच्या काचेवर कागद चिकटवून 'आई' लिहिलं. मामाला सांगितलं. त्याने चष्मा लावून दोन्ही काचा नीट बघितल्या, जणू त्या आत्ताच काही बोलणार होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले आणि पिशवी ठेवायच्या आधी खिडकीकडे गेले. तिथे एकच काच होती. ताज्या तेलाची. मी बोट लावलं. कोरडं. नखाने ओरखडा काढला तर पातळ सालीसारखं निघालं.

"मामा! आईची काच कुठाय?"

"आत आहे," तो पुढच्या खोलीतून म्हणाला. "कालच आत नेऊन ठेवली, ताईच्या टेबलावर. तुझ्या त्या खिडकीत रस्त्याची धूळ येते."

मी मागच्या खोलीत गेले. सोडवलेली पट्टी त्याने परत चिकटवली होती. कोपरा उघडून हात आत घातला, काच चाचपली. बोट ओलं झालं.

मी खाली बसले. फरशीवरच. मामा दारात आला, सवयीने पँट झटकली आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला विचारायची गरज पडली नाही.

"ओलं?" तरी त्याने विचारलं.

"ओलं."

तो माझ्या शेजारी बसला. गुडघे वाजले.  म्हणाला, "मी तिला रोज बघत होतो. पुढच्या खोलीतून आवाज ऐकत होतो. मला नाही काही वेगळं वाटलं गं."

"मलाही नाही."

"मग आपण दोघं काय आंधळे होतो?"

 ती काच तरी बाहेर काढावी म्हणून मी प्लॅस्टिकचा कोपरा वर उचलला, आणि आतून एक कोंदट, जाड वास अंगावर आला. ताज्या तेलाचा वास. आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारचा, जसाच्या तसा. घट्ट झाकणाच्या बरणीतून येतो तसा.

मी परत एकदा वास घेतला.

"मामा, हे प्लॅस्टिक तू कधी लावलंस?"

"ताई गेली त्याच दिवशी. डॉक्टर गेले आणि मी लगेच... धूळ नको म्हणून."

"आणि खिडक्या?"

"त्याही तेव्हाच. का?"

जवसाचं तेल पाण्यासारखं वाळत नाही. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. हे तेल कुठे जात नाही, ते हवा आत घेतं आणि तिच्यामुळे घट्ट होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, आईकडून तर रोज ऐकलं होतं. "खिडकी उघड, टेबलाला श्वास घेऊ दे," ती म्हणायची, आणि मला वाटायचं ती आपलं बोलायची पद्धत आहे.

"मामा, तू टेबलाला झाकण लावलंस."

त्याने प्लॅस्टिकखाली नाक घातलं.

मी आईची काच घेऊन स्वयंपाकघरात गेले, ऊन येत होतं तिथे खिडकीत ठेवली, आणि मामाला म्हटलं, "या काचेला हात लावलास तर याद राख."

"नाही लावत."

"जवळ जाऊन बघायचंही नाही."

"लांबून बघू?"

"लांबून बघ."

त्याने स्टूल आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून लांबून बघत राहिला. मी मागच्या खोलीत जाऊन पडदे बाजूला सारले, खिडक्या उघडल्या, चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या. प्लॅस्टिक कडाकडा वाजत खाली आलं. उजेडात टेबल वेगळंच दिसलं. तिने किती सारखं तेल लावलं होतं, कुठे डाग नाही, कुठे थेंब साचलेला नाही, पायांच्या आतल्या बाजूसुद्धा पुसलेल्या. मी खाली वाकून टेबलाखालीही बघितलं. तिथेही, जिथे बाइंडर जन्मात बघणार नाहीत, तिने हात फिरवला होता.

सकाळी मला जाग आली ती मामाच्या आवाजाने.

"पंडितीण! ए पंडितीण! ऊठ! मी हात लावलेला नाही हं, पण तू लाव!"

मी अनवाणी गेले. 'आई' लिहिलेल्या काचेवर बोट ठेवलं. उचललं. काच बोटाला धरत नव्हती. नखाने ओरखडा काढला. साल निघाली.

"कोरडं," मी म्हणाले.

"नक्की?"

"तू बघ."

त्याने त्याचं जाड, चिरा पडलेलं बोट काचेवर टेकवलं. मग सगळा तळवा. "म्हणजे तेल बरोबर होतं."

"उकळलेलंच होतं."

"म्हणजे ताईने काही चूक केली नाही."

"नाही."

"म्हणजे मी गाढव!"

"हो."

"मीच गाढव!" तो इतक्या जोरात म्हणाला की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "इतकी वर्षं लाकडात घातली आणि ओल्या टेबलाला रजईत गुंडाळून ठेवलं मी! ताई असती ना, तर मला त्या टेबलाखाली बांधून ठेवलं असतं. महामूर्ख!" त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. "अगं, तिने त्या दिवशी अगदी बरोबर काम केलं. अगदी बरोबर!"

मीही हसत होते.  तिने मला ठोक्या म्हटलं होतं, ते चिडवायला. लहानपणापासून चिडवत होती. चष्मा ती रोजच डोक्यावर विसरायची, मी शाळेत होते तेव्हापासून. त्या दुपारी ती आजारी नव्हती. ती माझी आई होती, पूर्ण, कुठूनही न फुटलेली, आणि मी तिच्याजवळ बसून वाचत होते. आम्ही नेहमी बसायचो तसंच. त्या दुपारीत बदलण्यासारखं काही नव्हतं.

टेबलाने नंतर फार त्रास दिला नाही. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या. चिकटपणा आधी मधल्या भागातून गेला, मग कडांवरून. मामा रोज दारातून विचारायचा, "आत येऊ का?" आणि मी म्हणायचे, "पँट झटक." शेवटी एका दुपारी सगळ्या टेबलावरून हात फिरवला तर तो न अडखळता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

बाइंडर एका मित्राला आणि हातगाडी घेऊन आले. ते थोराड, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी टेबलाकडे बघितलं, मग खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि मगच हात लावला.

"उशीर झाला, माफ करा," मी म्हणाले. "चूक आमची होती."

"चूक माझी होती," मामा घाईघाईने म्हणाला. "बहिणीची नाही. हे लक्षात ठेवा."

"बरं," बाइंडर म्हणाले. ते टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत होते. मग अगदी सहज, भाव विचारावा तसं म्हणाले, "मला तुमच्या आई फार आवडायच्या."

पुढे काहीच बोलले नाहीत. ना आईच्या कामाबद्दल, ना तिच्या स्वभावाबद्दल. नुसतं एवढंच, आणि वाकून टेबलाची एक बाजू धरली.

त्यांनी आणि मामाने टेबल उचललं, मित्र मागून धावला. दारातून निघताना मामा ओरडत होता, "डावीकडे! अहो, माझी डावी! तुमची नाही!" मग आवाज रस्त्यावर गेले.

मी मागच्या खोलीत उभी होते. एवढं मोठं टेबल गेल्यावर खोली एकदम ऐसपैस झाली होती. खिडक्या उघड्या होत्या. एक परका माणूस आमच्या घरात येऊन किती सोपं वाक्य बोलून गेला, असं मनात आलं. आमच्याकडे कुणी असं बोलत नाही. आम्ही एकमेकांची टाळकी काढतो, चष्मे शोधून देतो, भांड्यांवरून भांडतो, आणि त्यातच सगळं आलं असं धरून चालतो. ते येतंही. आईला कळत होतं, याबद्दल मला शंका नाही. पण शब्द म्हणून ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते, आणि आता त्यांना अडवायचं काही कारणही उरलं नव्हतं.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "मला तू फार आवडायचीस."